वाल सोलणारी शिफ्ट

वाल सोलायला मी कागदाच्या कारखान्यात शिकलो. हे वाक्य मी घरात इतक्या वेळा म्हटलंय की आता मी तोंड उघडायच्या आत मुलगी ते म्हणून टाकते, आणि तिची आई स्वयंपाकघरातून "पुढचं आम्हाला पाठ आहे" असं कळवते. तुम्हाला पाठ नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

आमचा कारखाना भिवंडीचा. खोक्यांना लागतो तो तपकिरी कागद आम्ही करतो, आणि तो होतो रद्दीपासून. निजामपुऱ्यातल्या लूमवरून, म्हणजे यंत्रमागांवरून, सुताच्या कोनांचे रिकामे पुठ्ठे येतात, साड्यांची खोकी येतात, नाशिक रस्त्यावरच्या गोदामांतून फाटके बॉक्स येतात. एकदा तर कुणाच्या तरी मोडलेल्या लग्नाच्या पत्रिकांचा गठ्ठा आला होता, तोही गेला आत. हे सगळं पाण्यात घुसळून लगदा करायचा, तो लांबलचक जाळीवर पसरायचा, पाणी गळलं की तापलेल्या रुळांवरून फिरवत वाळवायचा आणि शेवटी रिळावर गुंडाळायचा. ऐकायला सोपं वाटतं. मुलाखतीच्या दिवशी मलाही वाटलं होतं.

मी तिथे केमिस्ट म्हणून लागलो. काम एकच. एक चौरस मीटर कागद एकशे वीस ग्रॅम भरला पाहिजे. वजन कमी पडलं तर खोकं दबतं, जास्त पडलं तर शेठ दबतो. पण आज सुताचे पुठ्ठे, उद्या भिजलेले बॉक्स, परवा पत्रिका असा माल आत जात असेल, तर बाहेर येणारा कागद रोज एकाच वजनाचा कसा यावा? कधी एकशे चौदा, कधी एकशे सत्तावीस. जाळीवर लगदा किती सोडायचा ते ठरवणारं एक लोखंडी चाक होतं. ते उघडलं की कागद जाड, आवळलं की पातळ. आमच्या कारखान्याचं सगळं सुखदुःख त्या चाकाभोवती फिरायचं. आणि त्या चाकाशेजारी स्टूल टाकून दादूस बसलेला असायचा.

दादूस म्हणजे आगरी बोलीत मोठा भाऊ. हा तिथला सगळ्यांत जुना फोरमन, पडघ्याजवळच्या गावचा, बुटका, डोक्याला ओला रुमाल बांधलेला. त्याचं खरं नाव हजेरीपटात होतं, पण शेठसुद्धा त्याला दादूसच म्हणायचे.

पहिल्या दिवशी मी पांढरा कोट घालून मशीनवर गेलो. रीळ उतरलं, मी गोल तुकडा कापला, काट्यावर ठेवला, चौरस मीटरचा हिशेब केला. एकशे सव्वीस. मी कोटाचं वरचं बटण लावलं आणि म्हणालो, "दादूस, चाक पाव फेरा आवळा."

दादूस माझ्या तोंडाकडे बघतच नव्हता. माझ्या हातांकडे बघत होता.

"आवलू," तो म्हणाला. "आदी ह्ये धरा."

आणि त्याने शेजारच्या पातेल्यातून मोड आलेले, कोमट पाण्यात भिजलेले वाल माझ्या ओंजळीत ओतले.

मी मशीन चालवणाऱ्या शकीलकडे बघितलं. तो खाली बसून मन लावून वाल सोलत होता. "छीलो साब," तो म्हणाला. "इधर सब छीलते हैं."

खरंच सगळे सोलायचे. दादूस रोज घरून वालांचं फडकं बांधून आणायचा, रुळांच्या उबेला पातेलं ठेवायचा, आणि चाकापासून पाच हातांच्या आत जो कुणी येईल त्याच्या हातात मूठभर वाल द्यायचा. वीज दुरुस्त करायला आलेला माणूस सोलायचा. बॉयलर तपासायला आलेल्या साहेबांनी फाईल काखेत धरून सोलले आणि जाताना वालांच्या बिरड्याला खोबरं किती घालायचं ते विचारून घेतलं. मला वाटलं, म्हाताऱ्याला बायको कामाला लावते आणि तो आम्हाला लावतो.

त्याचं माणसांबद्दलचं एकच मत असायचं. हात गप आहेत की नाहीत.

"चेहरा बगून काय कलतं?" तो म्हणायचा. "हात बगावं. हा शकील बोलतो लई, पन हात गप हायत. तो इजेवाला बोलत न्हाय, पन त्याला खुर्चीवर बसवा, खुर्चीचा इस्क्रू काडल."

हे मत तो घरीही चालवायचा. त्याच्या घरी पंख्याच्या बटणावर चिकटपट्टी लावलेली होती. पंखा कैक वर्षं तीन नंबरवर फिरत होता, उन्हाळा असो, थंडी असो. थंडी वाजली तर गोधडी घ्या, पंख्याला हात नाही. स्कूटरचे आरसे त्याने घेतल्या दिवशी जसे होते तसेच ठेवले होते. एकात त्याला स्वतःचा खांदा दिसायचा आणि दुसऱ्यात आभाळ.

मुलीसाठी स्थळं आली तेव्हा त्याने मुलांना प्रश्नच विचारले नाहीत. समोर टीव्हीचा रिमोट ठेवायचा आणि तासभर गप्पा मारायच्या. पहिल्याने आवाज सात वेळा कमीजास्त केला. दुसऱ्याने रिमोट उलटा करून सेल काढून बघितले. तिसरा रिमोटला शिवलाच नाही. त्याच्याशी लग्न लागलं. तो मुलगा नंतर म्हणाला की त्याला ते कळलंच नव्हतं, त्याला पोह्यांतलं लिंबू फार आवडलं होतं.

त्या लग्नात दादूसची बायको मला पहिल्यांदा भेटली. उंच, कडक बाई. माझ्याकडे नीट बघत म्हणाली, "तुमीच काय ते नवे केमिस्ट? तुमी आल्यापासून दाने लई तुटके येतात."

मी ओशाळून हसलो.

"मना घरी बसून सगला कलतं," ती म्हणाली. "दाने अख्खे आले म्हंजी कारखान्यात बरं हाय. तुटके आले म्हंजी कोन ना कोन तापलंय. मागच्या मंगलवारी काय झालेलं?"

मागच्या मंगळवारी गिऱ्हाईकाने माल परत पाठवला होता. ही गोष्ट कारखान्याबाहेर फक्त तिला माहीत होती, आणि ती तिला वालांनी सांगितली होती.

आता माझं काय चाललं होतं ते सांगायला हवं. दादूससमोर मी मुकाट्याने सोलायचो. पण तो जेवायला बसला, फेरी मारायला गेला, की वाल खिशात टाकून मी चाकाकडे जायचो. एकशे सव्वीस आलं की आवळायचं. पुढच्या रिळाला एकशे पंधरा आलं की उघडायचं. मग एकशे एकोणतीस आलं की पुन्हा आवळायचं, जरा रागाने. घरी आंघोळीच्या वेळी पाणी गरम लागलं म्हणून गार नळ सोडतो, गार झालं म्हणून गरम सोडतो आणि बादली वाहून जाते, तसं. फक्त बादली वाहून जात असताना मी त्याची नोंदही ठेवत होतो. माझा आलेख करवतीच्या दात्यांसारखा दिसायचा आणि मला तो सुंदर वाटायचा. इतकी मेहनत त्यात दिसत होती.

त्याच सुमाराला पडघ्याची एक मुलगी मला पसंत पडली होती, आणि आश्चर्य म्हणजे मीही तिला. तिच्या वडिलांचं हायवेला फरशांचं दुकान. त्यांनी चहा पाजला, पगार विचारला, आणि म्हणाले, "पर्मनंट झालात की या. तोवर नमस्कार."

पर्मनंट करणं शेठच्या हातात. शेठ म्हणाले, "खोकेवाल्या पार्टीने दोनदा माल परत केलाय. पुढच्या महिन्यात तीन दिवसांची ऑर्डर आहे. ती पास झाली तर तू पर्मनंट. परत आली, तर मालाच्या ट्रकातून तूपण घरी जा."

म्हणजे कागद एकशे वीसच्या आसपास तीन दिवस टिकला तर माझं लग्न, नाहीतर नमस्कार.

मी तीन महिन्यांचे आलेख जमिनीवर पसरून बसलो आणि मला शोध लागला. दर शुक्रवारी दुपारी साडेबारा ते तीन रेष एकदम सरळ. बाकी आठवडाभर करवत, आणि शुक्रवारी दुपारी आखल्यासारखी ओळ. मी रात्रभर विचार केला असं सांगायला मला आवडेल, पण दहा मिनिटांतच सुचलं. शुक्रवारी दुपारी नमाजच्या वेळी भिवंडीत लूम बंद. लूम बंद म्हणजे विजेवर ताण नाही. ताण नाही म्हणजे पंप एका चालीने चालतात. कागदाचा दोषच नव्हता, दोष विजेचा.

शेठना हे मी इतक्या रंगात येऊन सांगितलं की त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे विजेचा दाब सारखा ठेवायचं मशीन आणायचं?"

"आणायलाच हवं," मी म्हणालो.

"पोरगा हुशार आहे," शेठ मुनीमजींना म्हणाले, आणि लगेच एका विक्रेत्याला फोन लावला.

पुढच्या शुक्रवारी मी नेहमीप्रमाणे पडघ्याला गेलो. शुक्रवारी दुपारी मुलीचे वडील माल बघायला ठाण्याला जायचे, म्हणून बाजारातल्या एका हॉटेलात आम्ही वडापाव खायचो. शकील आणि बाकीची मंडळी त्या वेळी नमाजला जायची, दादूस दोघांना घेऊन मशीन सांभाळायचा, रिळांची वजनं माझ्या वहीत लिहून ठेवायचा, आणि मला "जावा सायेब, मी हाय" म्हणून प्रेमाने निरोप द्यायचा. मी तिला माझा शोध सांगितला. ती शांतपणे ऐकत होती.

"शुक्रवारी साडेबारा ते तीन," ती म्हणाली.

"बरोबर."

"दर शुक्रवारी?"

"तीन महिने. फक्त मागच्या महिन्यात एका शुक्रवारी रेष बिघडली. त्या दिवशी काय झालं ते काही कळत नाही."

"त्या शुक्रवारी मला ताप होता," ती म्हणाली. "तू आला नव्हतास."

मी वडापाव खाली ठेवला. तिने तो उचलून परत माझ्या हातात दिला. "खा. वीज काही करत नाही तुझी. तू करतोस."

परतीच्या रिक्षात मी रस्ताभर तिच्यावर रागावून बघितलं, जमलं नाही. कारखान्यात आलो तेव्हा दादूस एकटाच चाकाशेजारी होता.

"दादूस, कागद माझ्यामुळे बिघडतो," मी म्हणालो.

"व्हय," तो म्हणाला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"पयल्या दिसापासून."

"मग सांगितलं का नाहीत?"

"सांगून हात गप ऱ्हातात?" तो म्हणाला. "आनि शेठला सांगितला असता तं तुमी गेला असता. नवा आला असता. त्याला पयल्यापासून वाल शिकवायला लागला असता. तुमी निदान सोलता तरी." मग खरं बोलणं भाग असल्यासारखं म्हणाला, "तुटके सोलता. पन सोलता."

त्या दिवशी त्याने मला जे शिकवलं ते माझ्या कॉलेजच्या पुस्तकात होतं, पण मी परीक्षेपुरतं वाचलं होतं. त्याने एकाच रिळाच्या तीन जागांचे तुकडे कापायला लावले. एकशे अठरा, एकशे तेवीस, एकशे वीस.

"आता सांगा, आवलू का उगडू?"

मी एकदा काट्याकडे बघितलं, एकदा चाकाकडे.

"कागुद हलनारच," तो म्हणाला. "एक रीळ जड आला म्हंजी तो बोलत न्हाय, निस्ता खाकरतो. माणूस खाकरला की आपन धावत जाऊन काय झालं इचारतो का? पाच येला एकच बोलला, तं मंग आयकायचा."

त्याने दोन वाट्या ठेवल्या. रीळ जड आलं की एक सोललेला वाल उजव्या वाटीत, हलकं आलं की डाव्या वाटीत. लागोपाठ पाच वाल एकाच वाटीत पडले तरच त्याला हाक मारायची. मधेच दुसऱ्या वाटीत पडला की आधीचे सगळे पातेल्यात, मोजणी पुन्हा सुरू. मी वजन करू शकत होतो, लिहू शकत होतो. चाकाला शिवू शकत नव्हतो. पुढचं रीळ उतरेपर्यंत हातांना काम म्हणून सोलत राहायचं.

ऑर्डर सुरू झाली. पहिल्या दिवशी दुपारी एकशे सत्तावीस आलं आणि माझे हात आपोआप उठले. शकील म्हणाला, "साब, शादी." मी परत बसलो. उजव्या वाटीत एक. पुढचं एकशे बावीस, उजव्या वाटीत दोन. मी दोन्ही हात पातेल्यात बुडवून ठेवले. पुढचं एकशे अठरा. मी चाकाला न शिवता ते खाली आलं होतं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला कळलं की कागदाला माझी गरज नाही, आणि खोटं कशाला बोलू, अपमान वाटला.

तीन दिवसांत चाक दोनदाच हललं. एकदा भिजलेल्या बॉक्सचा ट्रक आला आणि डाव्या वाटीत लागोपाठ पाच पडले. दादूस उठला, रुमालाने हात पुसले, चाक अंगठ्याच्या रुंदीइतकं फिरवलं आणि परत बसला. दुसऱ्यांदाही तेवढंच.

दुसऱ्या दिवशी शेठ आले. शेठना घरी चैन पडत नव्हतं. त्यांनी काट्यावरचं वजन बघितलं, एकशे चोवीस. "जास्त जातंय," ते म्हणाले आणि त्यांचा हात चाकाकडे निघाला.

दादूस तेव्हा रुळांच्या पलीकडे होता. शकीलने छताकडे बघायला सुरुवात केली. शेठचा हात चाकावर पोचायला वीतभर अंतर होतं, आणि त्या वीतभरात माझं लग्न होतं.

"शेठ, जरा धरा ना," मी म्हणालो, आणि ओंजळ भरून वाल त्यांच्या हातांत ओतले. पाणी त्यांच्या बाहीतून कोपरापर्यंत गेलं.

शेठने वालांकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग अंगठ्या काढून शर्टाच्या खिशात टाकल्या आणि दादूसच्या स्टुलावर बसले. "माझी आई सोलायची," ते म्हणाले. तासाभरात त्यांनी अर्धं पातेलं संपवलं. मधे तीन रिळं उतरली, त्यांनी मान वर केली नाही. जाताना त्यांनी सोललेला ढीग दादूसला दाखवला. दादूसने एक दाणा उचलून उजेडात धरला. "अख्खा हाय," म्हणाला. शेठ इतके खूश मी आधी कधी बघितले नव्हते.

तिसऱ्या दिवशी दादूसच्या बायकोचा निरोप आला की आता वाल पुरे, सगळा गाव बिरडं खातोय, आणि शेजारीपाजारी मागे लागलेत की आता दुसरं काहीतरी वाटा.

माल पास झाला. पार्टीने असाच अजून मागितला. मला आनंद व्हायला हवा होता, पण शेठच्या टेबलावर त्या विजेच्या मशीनचं रंगीत पुस्तक उघडं होतं, आणि पेन त्यावर होतं. मी आत गेलो, शुक्रवारचा आलेख समोर ठेवला आणि सगळं सांगून टाकलं.

शेठने आलेख सुलटा बघितला, उलटा बघितला. "म्हणजे तू नसलास की माल चांगला निघतो."

"हो."

"आणि हे तू स्वतः शोधून काढलंस?"

इथे मी तिचं नाव घ्यायला हवं होतं. घेतलं नाही. ती अजून ऐकवते.

शेठने एकदा दाराकडे बघितलं. मग खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात म्हणाले, "मी ज्या दिवशी मशीनवर येतो, त्या दिवसांचा असा आलेख आहे का तुझ्याकडे?"

"आहे," मी म्हणालो.

"दाखवू नकोस," शेठ म्हणाले. त्यांनी रंगीत पुस्तक मिटून ड्रॉवरमध्ये टाकलं. "मुनीमजींना तुझी पर्मनंटची ऑर्डर टाईप करायला सांग. मी सही करतो."

ऑर्डर घेऊन मी मशीनवर गेलो. दादूसने कागद हातात घेतला, वाचला नाही, दोन बोटांत धरून त्याची जाडी बघितली. "दुसऱ्या मिलचा हाय," म्हणाला. मग, "बरं झालं. लगीन कदी?"

"वैशाखात."

"लगीन झाल्यावरपन शुक्रवारी पडघ्याला जायाचा हां."

"अहो दादूस, लग्न झाल्यावर ती भिवंडीला असेल, माझ्या घरी."

"मंग सासऱ्याला भेटा."

"पण कशाला? आता मी हात लावत नाही."

"लावत न्हाय," दादूसने मान्य केलं. "पन बगता. चाकाकडं असा बगता का शकील घाबरून हात लावतो."

मी शकीलकडे बघितलं. त्याने मान खाली घातली.

लग्न झालं. मी दर शुक्रवारी पडघ्याला जायला लागलो. दादूस रिटायर झाला तरी जात राहिलो, कारण शकील आता फोरमन आहे आणि बरोबर बारा वाजता तो मला "जाओ साब, ससुरजी राह देखते होंगे" म्हणतो. सासरे आता थकलेत. माझ्यासाठी गल्ल्याशेजारची खुर्ची पुसून ठेवतात, पंखा माझ्याकडे वळवतात, आणि दुकानात येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "जावई बघा आमचे. मुलगी येत नाही एवढ्या वेळा, पण हे एक शुक्रवार चुकवत नाहीत. फार माया."

मी मान डोलावतो. तीन वाजता निघतो, कारखान्यात येतो, रजिस्टर उघडतो. शुक्रवारच्या पानावर रेष सरळ असते, आणि मला अजूनही थोडं वाईट वाटतं.